काळ्या मातीतलं निकेल कुणाचं? मातीच्या बॅकग्राउंड तपासणीच्या सर्विसचा रिव्ह्यू

पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत आम्ही दोघा पार्टनरनी एक जुना प्लॉट बघितला होता, आधी तिथं निकेल-क्रोम आणि जस्ताचं प्लेटिंग चालायचं, युनिट बंद पडून बरीच वर्षं झालेली, टाक्या काढून नेलेल्या पण शेड शाबूत. बँकेनं लोनच्या आधी मातीचा रिपोर्ट मागितला. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारचे दूषित जागांबद्दलचे नियम आलेत, त्यामुळे असल्या जागेत पैसे घालताना खाली जमिनीत काय आहे आणि ते कुणी निस्तरायचं हे बघायलाच लागतं, बँकेचं काही चुकत नाही. त्यासाठी शेवटी जी सर्विस घेतली तिचा हा रिव्ह्यू. काम काय, तर आसपासच्या मातीत धातू मुळातच किती आहेत ते काढायचं आणि मग प्लॉटची माती त्याच्याशी ताडून बघायची. कन्सल्टन्सीचं नाव टाकत नाही, कारण मला एका ऑफिसची जाहिरात करायची नाहीये, हे काम नीट झालं तर कसं दिसतं ते सांगायचंय, म्हणजे तुम्ही कुणाकडूनही करून घेताना काय मागायचं ते कळेल.

आधी आम्ही एक साधं पॅकेज घेतलं होतं. लॅबचा माणूस आला, प्लॉटवरून चार ठिकाणची माती उचलली, पंधरवड्यात रिपोर्ट हातात. शेजारी कॅनडाच्या माती मानकांचा तक्ता लावलेला, निवासी जागेसाठी निकेल 45, तांबं 63, क्रोमियम 64, व्हॅनेडियम 130, सगळं किलोमागे मिलिग्रॅममध्ये. आणि आमच्या जवळपास प्रत्येक सॅम्पलपुढे लाल शेरा. खाली शिफारस, अख्खा प्लॉट मीटरभर खणा आणि माती घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवा. खणाई, ट्रक, तिथली टनामागची फी असा हिशेब मांडला तर आकडा प्लॉटच्या किमतीला टेकत होता. पार्टनर म्हणाला, सोडून देऊ, दुसरा बघू.

आमचे दाजी कॉलेजात जिऑलॉजी शिकवतात, त्यांना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी उलट एवढंच विचारलं, "प्लॉटच्या बाहेरचं सॅम्पल कुठंय?" नव्हतंच. आणि गंमत म्हणजे रिपोर्टात कुठं तसं लिहिलेलंही नव्हतं.

दाजींनी मग फोनवर जे समजावलं ते महाराष्ट्रात जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपण बसलोय दख्खनच्या बेसाल्टवर, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. या दगडात तांबं, व्हॅनेडियम, कोबाल्ट, निकेल, क्रोमियम हे जन्मापासूनच आहे, तांबं 100 ते 200 आणि व्हॅनेडियम 300 च्या आसपास सहज सापडतं. तो दगड झिजून आपली काळी माती झाली, म्हणजे ज्या रानात कधी कारखाना सोडा साधा पंपही बसला नाही तिथली मातीसुद्धा त्या कॅनडाच्या तक्त्यात नापास होते. ते आकडे चुकीचे नाहीत, तिथल्या जमिनी, तिथली पिकं आणि गांडुळं डोळ्यासमोर ठेवून काढलेत, पण आपल्याकडच्या रिपोर्टांत असले परदेशी तक्ते सरळ उचलून लावतात आणि इथला दगड काय आहे हे कुणी बघत नाही.

तर मग दाजींच्या ओळखीतून ही दुसरी टीम आली, एक जिऑलॉजिस्ट मॅडम आणि सॅम्पलिंगचं काम करणारी दोन पोरं. पहिल्या भेटीत त्यांनी माती काढलीच नाही. प्लॉटवर फिरून टाक्या कुठं होत्या, सांडपाणी कुठून जायचं, ड्रम कुठं ठेवायचे हे जुन्या वॉचमनला विचारून कागदावर काढलं, गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो काढून कधी कुठं भराव पडलाय ते बघितलं. जिऑलॉजिकल सर्व्हेचं देशभरचं भूरासायनिक मॅपिंग असतं, त्याचा डेटा भूकोश पोर्टलवर फुकट मिळतो, तो पण त्यांनी काढला. पण लगेच हेही सांगितलं की ते आकडे ओढ्या-नाल्याच्या गाळाचे असतात, शेतातल्या मातीचे नाहीत, त्यामुळे या भागात साधारण काय अपेक्षा ठेवायची एवढ्यापुरतेच धरायचे, निकाल त्यावर द्यायचा नाही. मला हे फार आवडलं, आकडा हातात असूनही तो कितपत वापरायचा हे आधी सांगणारी माणसं कमी भेटतात.

खरं कौशल्य बाहेरची जागा निवडण्यात आहे आणि मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ तिथंच घातला. नियम ऐकायला सोपे वाटतात, प्लॉटपेक्षा चढावर पाहिजे म्हणजे इथलं पाणी तिकडं गेलेलं नसावं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला पाहिजे, रस्त्यापासून लांब पाहिजे कारण शिशाचं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं तरी तोवर जे शिसं रस्त्याकडेच्या मातीत बसलं ते तिथंच आहे. आणि माती तीच पाहिजे, म्हणजे प्लॉटवर मुरमावरची हातभर काळी माती आहे तर नदीकाठच्या पुरुषभर खोल काळ्या रानातलं सॅम्पल चालत नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत आणि प्रत्येक थराची केमिस्ट्री थोडी वेगळी, काही थरांत मॅग्नेशियम जास्त असतं तिथं निकेल-क्रोमियमपण चढं असतं, म्हणून उंचीही बघायची. कोकणात तर वेगळंच, तिथं जांभ्यात बाकीचं सगळं पावसानं धुऊन गेल्यामुळे लोह, क्रोमियम, व्हॅनेडियम आणखी साठतं, आणि तिकडं गोंदिया-गडचिरोलीकडं गेलात तर बेसाल्टच नाही, ग्रॅनाइट आणि नाईस हे वेगळेच दगड, तिथं पुण्याचा बॅकग्राउंड आकडा लावला तर खरं प्रदूषण आरामात लपून जाईल. म्हणून कुणी तुम्हाला "महाराष्ट्राची बॅकग्राउंड व्हॅल्यू" असा एकच आकडा दिला तर घेऊ नका.

एक जागा मला एकदम छान वाटली होती, चढावर, एमआयडीसीपासून लांब, जुनी द्राक्षबाग होती. मॅडम नको म्हणाल्या. बोर्डो! द्राक्षावर वर्षानुवर्षं मोरचुदाची फवारणी झालेली असते, म्हणजे कॉपर सल्फेट, ते सगळं तांबं वरच्या थरात बसतं. तिथली माती "नैसर्गिक" म्हणून घेतली असती तर तांब्याची पातळी फुगली असती आणि प्लेटिंगवाल्यानं सांडलेलं तांबं त्या फुगवट्यात आत बसून गेलं असतं. नाशिक-सांगलीकडं कुणी असं काम करत असेल तर हे आधी तपासा. भराव टाकलेली शेतं पण अशीच गाळली, तिथला मुरूम कुठल्या खाणीतून आला कुणाला ठाऊक नसतं.

शेवटी गायरान आणि कोरडवाहू शेतं मिळून पुरेशा जागा झाल्या. एका शेतकरी काकांनी आधी विचारलं, "माती न्या की, पण सातबाऱ्यावर काही चढणार नाही ना?" मॅडमनी त्यांना बांधावर बसून सगळं सांगितलं, रिपोर्टात गट नंबर येणार नाही असं लिहून दिलं आणि निकाल आल्यावर त्यांच्या शेताचे आकडे त्यांना फोन करून कळवले. हे कामाच्या यादीत कुठं नव्हतं, पण दुसऱ्याच्या रानातून माती उचलायची तर एवढं केलंच पाहिजे.

सॅम्पलिंगचा दर्जा उत्तम. स्टीलच्या ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, खड्डा घेतला तरी त्याला टेकलेली माती बाजूला काढून आतली माती प्लॅस्टिकच्या स्कूपनं घेतली, कारण स्टेनलेस स्टीलमध्येच निकेल आणि क्रोमियम असतं आणि आपण शोधतोय तेच. वरचा 15 सेंटीमीटरचा थर वेगळा, त्याखालचा वेगळा, मुरूम लागला की तो वेगळा, आणि बाहेरच्या शेतांतही अगदी तसंच, कारण वरच्या मातीची तुलना खालच्या मुरमाशी करण्यात अर्थ नाही. काळ्या मातीची एक खोड इथं फार महत्त्वाची आहे जी बाहेरच्या देशातल्या गाइडलाइन वाचून कळत नाही, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात माती फुगून सगळं एकजीव होतं, दरवर्षी. म्हणजे खोलवर धातू सापडला म्हणून तो "खालून आलेला, नैसर्गिक" असं म्हणता येत नाही, आणि टाकी उन्हाळ्यात गळली असेल तर पाणी भेगेतून सरळ मुरमापर्यंत गेलेलं असू शकतं. मॅडमनी म्हणून टाकीच्या जागेखाली मुरमातसुद्धा सॅम्पल घेतली.

प्लॉटवर आधी हातातली एक्सआरएफ गन फिरवली, ती जागेवरच धातूंचे अंदाजे आकडे दाखवते, त्यावरून कुठं दाट सॅम्पल घ्यायची ते ठरलं. ओल्या मातीत ती कमी दाखवते म्हणून माती वाळवून, चाळून परत बघितली. पण अंतिम आकडे एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या लॅबचेच, आणि आतली-बाहेरची सगळी सॅम्पल एकाच लॅबला, एकाच पद्धतीनं, नंबर असे टाकलेले की लॅबला कुठलं शेतातलं आणि कुठलं प्लॉटवरचं ते कळू नये. पद्धतीचा मुद्दा मला नवीन होता. माती ॲसिडमध्ये विरघळवून मग मोजतात, पण नेहमीच्या ॲसिडात क्रोमियम पूर्ण सुटत नाही, ते ज्या खनिजात अडकलंय ते चिवट असतं, तर गन किंवा हायड्रोफ्लोरिक ॲसिडची पद्धत सगळं मोजते. म्हणजे एकाच मातीचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. एका पद्धतीचं बॅकग्राउंड आणि दुसऱ्या पद्धतीचं प्लॉट सॅम्पल शेजारी ठेवलं की निष्कर्ष हवा तसा वळवता येतो, म्हणून रिपोर्ट वाचताना ही ओळ आधी शोधा.

आता निकाल. शेतांतलं निकेल, तांबं, व्हॅनेडियम तिन्ही त्या कॅनडाच्या आकड्यांच्या वर निघाले, जसं दाजी म्हणाले होते. प्लॉटचा बराचसा भाग शेतांसारखाच. सरासरीशी तुलना करत नाहीत हे लक्षात घ्या, कारण नैसर्गिक मातीतलीसुद्धा बरीच सॅम्पल सरासरीच्या वरच असणार, त्यांना प्रदूषित म्हणायचं का? म्हणून एक वरची मर्यादा काढतात, नैसर्गिक मातीची 95 टक्के मूल्यं ज्याच्या आत असतील असं 95 टक्के खात्रीनं म्हणता येतं तो आकडा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं प्रोयूसीएल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे होतं. पण त्यासाठी बाहेरची निदान 8-10 सॅम्पल प्रत्येक प्रकारच्या मातीची पाहिजेत, दोन-तीन सॅम्पलवर कुणी ही मर्यादा काढून दिली तर त्याला काही किंमत नाही. आणि 20 धातू गुणिले इतकी सॅम्पल म्हटल्यावर एखादा आकडा नुसत्या योगायोगानं पण वर जाणार, त्यामुळे मर्यादा ओलांडली की लगेच खणा असंही नसतं, त्या जागेला काही कारण दिसतंय का ते बघायचं.

सगळ्यात पटलेलं पान ग्राफचं. आडव्या रेषेवर लोह, उभ्या रेषेवर निकेल, आणि प्रत्येक सॅम्पलचा एक ठिपका. नैसर्गिक मातीत लोह वाढलं की निकेलही त्याच हिशेबानं वाढतं, कारण दोन्ही त्याच दगडातून आलेले, म्हणून शेतांचे सगळे ठिपके एका तिरक्या पट्ट्यात बसलेले. प्लॉटचेही बहुतेक त्याच पट्ट्यात. फक्त जुन्या टाकीपाशीचे आणि मागच्या भिंतीलगतच्या गटाराचे ठिपके पट्टा सोडून सरळ वर गेलेले, लोह तेवढंच पण निकेल कितीतरी जास्त. ते पान बघितल्यावर पार्टनरला एकही शब्द समजावायला लागला नाही, बँकेच्या साहेबांनाही नाही.

आणि इथंच ही तपासणी पैसे वसूल करते असं मी म्हणेन, कारण लोकांचा समज असतो की बॅकग्राउंड काढणं म्हणजे प्रदूषण माफ करून घ्यायची पळवाट. आमच्याकडे उलटंही झालं. गटारालगत जस्त 200 च्या वर होतं, कॅनडाची मर्यादा 250, म्हणून पहिल्या रिपोर्टात हिरवा शेरा. पण शेतांत जस्त 100 च्या आतबाहेर, आणि लोहाबरोबरचा ग्राफ काढला तर गटाराचे ठिपके स्पष्ट बाहेर, म्हणजे ते दगडाचं नाही, प्लेटिंगचंच. शिशाचं त्याहून ठळक, बेसाल्टमध्ये शिसं फारच कमी असतं, काही मिलिग्रॅमच, त्यामुळे निवासी जागेची 140 ची मर्यादा न ओलांडताही मातीत कितीतरी पट बाहेरचं शिसं मुरलेलं असू शकतं. आमच्याकडे ते क्रोमच्या टाकीपाशी सापडलं, आणि मॅडमनी कारणही सांगितलं, क्रोम प्लेटिंगला टाकीत करंट सोडायला शिशाचे ॲनोड वापरतात, ते झिजून गाळात उतरतं. पहिल्या रिपोर्टानं जे नैसर्गिक होतं त्याला दोषी ठरवलं आणि जे माणसानं सांडलं होतं ते पास केलं, दोन्ही एकाच कारणानं, बाहेरची माती बघितलीच नव्हती.

क्रोमियमचं मात्र वेगळं सांगायला हवं. एकूण क्रोमियमचा आकडा प्लेटिंगच्या जागेत पुरेसा नाहीच. दगडातलं क्रोमियम त्रिसंयुजी, खनिजात घट्ट बसलेलं, प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणातलं षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट), पाण्यात विरघळणारं आणि कॅन्सर करणारं. त्यासाठी माती अल्कलीत काढून वेगळी टेस्ट करतात, खर्च वेगळा, आणि पहिल्या पॅकेजमध्ये ती नव्हतीच. शेतांत षट्संयुजी क्रोमियम लॅबच्या मोजण्याच्या मर्यादेखाली, टाकीखाली मुरमात मात्र सापडलं. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटच्या कारखान्याच्या गाळानं भूजलाची काय अवस्था केली हे ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, तिथं प्रश्न या विरघळणाऱ्या क्रोमियमचाच आहे. आता कुणी प्लेटिंगच्या जागेचा रिपोर्ट दाखवला आणि त्यात हेक्साव्हॅलंटची ओळ नसेल तर तो रिपोर्ट परत करा.

मॅडमनी आणखी एक गोष्ट रिपोर्टात ठळक अक्षरात लिहिली जी आम्ही मागितली नव्हती, नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असा अर्थ नाही. ओडिशात सुकिंद्याला क्रोमाइटचा प्रदेशच आहे, तिथल्या मातीत क्रोमियम निसर्गतःच प्रचंड, म्हणून तिथल्या पाण्याकडे दुर्लक्ष करायचं असं नसतं. बॅकग्राउंड फक्त एवढं सांगतं की हे दगडाचं आहे की कारखान्याचं, म्हणजे साफ कुणी करायचं आणि कुठपर्यंत करायचं. धोका आहे का हे वेगळं काम, त्यात किती विरघळतं, धूळ उडते का, बोअर किती लांब आहे हे बघावं लागतं. दगडाच्या पातळीपेक्षा खाली माती "साफ" करायला सांगणाऱ्यालाही त्यांनी उत्तर दिलंय, ते शक्यच नाही, दुसरीकडून आणलेली भरावाची मातीसुद्धा याच बेसाल्टची असणार.

आता जे आवडलं नाही ते. खर्च पहिल्या पॅकेजच्या कितीतरी पट झाला आणि वेळही खूप लागला, मध्ये पाऊस आला तर काळ्या रानात पाय ठेवता येईना, काम थांबलं. रिपोर्ट अख्खा इंग्रजीत आणि आकडेशास्त्राची पानं अशी की ग्राफ नसता तर आम्ही तिथंच अडकलो असतो, मराठीत दोन पानांचा सारांश दिला पाहिजे, कारण हा कागद शेतकरी काका, प्लॉट विकणारा, ठेकेदार सगळेच वाचणार असतात. एक्सेलमधला कच्चा डेटा मागितल्यावर मिळाला, तो न मागता मिळायला हवा. मुरमाची बाहेरची सॅम्पल वरच्या मातीच्या मानानं कमी घेतली होती, ते मी दाखवून दिल्यावर आणखी घेतली, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत हे खरं, पण सुरुवातीच्या आराखड्यातच यायला हवं होतं.

पाचपैकी चार देईन. सगळ्यांनाच हे लागतं असं नाही, बिनशेतीचा साधा प्लॉट असेल, आधी कधी कारखाना नव्हता, तर एवढा खर्च कशाला. पेट्रोल पंपाच्या जागेत प्रश्न तेलाचा असतो, ते दगडात नसतंच, तिथं धातूंचं बॅकग्राउंड काढून फायदा नाही. पण प्लेटिंग, बॅटरी, फाउंड्री, रंगाचा कारखाना असं काही आधी असेल आणि खाली काळी माती किंवा जांभा असेल, तर याशिवाय सही करू नका. आणि ऑर्डर देताना लिहून घ्या की बाहेरची सॅम्पल किती, कुठली, कुठल्या खोलीची, आणि आतली-बाहेरची पद्धत एकच.

आमचं पुढं असं झालं की अख्खा प्लॉट खणायचं रद्द झालं, टाकीखालचा भाग आणि गटाराची पट्टी एवढंच खणायचं ठरलं, तो खर्च विकणाऱ्यानं किमतीतून वजा करून दिला कारण ग्राफ त्याच्याही समोर होता. खणून झाल्यावर खड्ड्याच्या तळाची आणि भिंतींची माती परत त्याच लॅबला, त्याच पद्धतीनं जाणार, आणि शेतांच्या मर्यादेत आली की भराव. प्लॉटवरच्या बोअरचं पाणी पावसाळ्याआधी एकदा तपासलंय, त्यात षट्संयुजी क्रोमियम आलं नाही, पावसाळ्यानंतर पातळी वर आली की परत तपासायचंय, तो आकडा आला की इथंच टाकतो.